बिनपडद्याची फियाट

अँबॅसडर ही फियाटपेक्षा श्रेष्ठ गाडी आहे, हे माझं मत मेजरीणबाईंची ओळख होण्याआधी होतं आणि त्यांच्या घरात काही वर्षं भाडेकरू म्हणून काढल्यावरही ते बदललेलं नाही. माझ्याकडे तेव्हा सायकल होती, पुढे स्कूटर आली, गाडी कधीच आली नाही. पण मत असायला गाडी कशाला लागते? विश्रामबागेतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर त्या सत्तरनंतरच्या वर्षांत संध्याकाळी हा वाद रंगायचा, आणि त्यात भांडणारे निम्मे सायकलवाले असत, उरलेले पायी आलेले.

आमच्या बाजूचे मुद्दे भक्कम होते. अँबॅसडरचं पोट उंच, त्यामुळे ती उसाच्या गाडीवाटेनं जाते. डिकीत पेंडीची पोती मावतात. कुठल्याही गावात पाना धरता येणारा माणूस तिला दुरुस्त करतो. मागची सीट म्हणजे कोच. शिवाय दाटीवाटीनं का होईना, सगळी भाऊबंदकी आत बसते. फियाटवाल्यांकडे सांगायला दोनच गोष्टी होत्या, पेट्रोल कमी लागतं आणि हाताला हलकी चालते. हलकी हा मुद्दा आमच्याकडे उलटाच पडायचा. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हलकं काहीच आवडत नाही. पागोटं नाही, जेवण नाही, शिवीसुद्धा नाही.

आणखी एक कारण होतं, ते पानपट्टीवर कुणी बोलत नसे. बागायतदार मराठ्यांच्या घरांत अजून गोषा होता. बायका बाहेर पडल्या तर गाडीतून, आणि गाडीच्या मागच्या काचांना पडदे. अँबॅसडरची मागची सीट रुंद, पडदा ओढला की आत एक छोटं माजघरच तयार होई. पुढे मालक आणि ड्रायव्हर, मागे माजघर. फियाटमध्ये ही सोय नव्हती असं नाही, पण तिच्यात पडद्यामागे बसलेली बाई मालकाच्या मानेवर श्वास सोडते की काय, इतकी जवळ येते.

हे कारण मला पहिल्यांदा उघडपणे सांगितलं ते मेजरीणबाईंनी.

त्यांचं नाव यमुनाबाई. नवरा फौजेत मेजर होता, उत्तरेकडे डोंगरात जीप दरीत जाऊन गेला. मेजराची बायको म्हणून मेजरीण, असं नाव गल्लीनं पाडलं आणि त्यांनी ते मानानं घेतलं. लग्नानंतरची वर्षं त्यांनी छावण्यांमध्ये काढली होती. तिथे डोक्यावरचा पदर खाली आला, हिंदी आली, आणि नवऱ्यानं हौसेनं जीप चालवायला शिकवली. तो गेला तसं सासरी कृष्णाकाठच्या गावी परत यावं लागलं. थोरले दीर आबासाहेब साखर कारखान्यावर संचालक, घरात ऊस, दारात अँबॅसडर. एका माणसाच्या जाण्यानं आपण थेट पडद्यामागे जाऊन पडलो, हे बाईंच्या पचनी पडलं नाही. मुलीच्या शिक्षणाचं निमित्त करून त्यांनी सांगलीत छोटा बंगला घेतला. मुलगी शालन आमच्या कॉलेजात विज्ञान शाखेत शिकायला आली, आणि मी वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी प्राध्यापक होतो, पण बाईंनी मला मास्तरच्या वर कधी जाऊ दिलं नाही.

बांध्यानं बाई लहानखुऱ्या. गाडी चालवताना खाली फौजी कांबळ्याची घडी घेऊन बसत, आणि थंडीत लुगड्यावर मेजरांचा हिरवट लोकरी स्वेटर चढवत. गाडी काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायच्या आणि प्रत्येक टायरला चप्पलेनं एक लाथ घालायच्या. हॉर्न मात्र कधी वाजवायच्या नाहीत. रस्त्यात म्हैस आडवी आली तर म्हैस जाईपर्यंत थांबायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "म्हशीला कळत असतं तर ती आडवी आलीच नसती. आन् माणसाला वराडून सांगावं लागत असंल तर त्याला सांगूच नये."

बाईंनी फियाट घेतली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे ती आधी गावी नेली, देवळापुढे नारळ फोडायला. मीही गेलो होतो. भाऊबंद जमले. फिकट निळी, बेताची ती गाडी आबासाहेबांच्या काळ्या अँबॅसडरशेजारी उभी केली, आणि खरं सांगायचं तर ती मोठ्या बैलाशेजारी बांधलेल्या कालवडीसारखी दिसत होती. आबासाहेबांनी दार उघडून आत डोकं घातलं, बाहेर काढलं.

"यमुना, ह्यात काय मावायचं? एक पोर आन् एक पिशवी."

"तेवढंच हाय माझं," बाई म्हणाल्या.

आबांनी विषय सोडला नाही. आठवड्याभरात त्यांचा माणूस सांगलीला आला, जांभळ्या मखमलीचे पडदे घेऊन. मापं घेऊन, शिवून, वर कड्या लावून तयार. सोबत निरोप, की घराण्याची रीत हाय, तेवढी पाळा. बाईंनी पडदे ठेवून घेतले, माणसाला जेवू घातलं, पानसुपारी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरतो तर बाई अंगणात त्या जांभळ्या मखमलीनं गाडी पुसताहेत.

"चांगलं कापड हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मऊ. रंगाला वरखडा पडत न्हाई."

मी म्हणालो, "बाई, पण गाडी म्हणून विचाराल तर अँबॅसडर..."

"गाडी म्हणून ती चांगली हायच. मी कुठं न्हाई म्हणती?" फडकं पिळत त्या म्हणाल्या. "मी बसली हाय की तिच्यात. मागं. आमी बायका, वर मांडीवर पोरं, त्याच्यावर पडदा. कऱ्हाड आलं का इस्लामपूर आलं ते वासावरनं वळखायचं. मास्तर, ज्या गाडीत सगळं गाव बसतंय त्या गाडीत आपुन कुठं जायचं हे गाव ठरवतंय. आन् ती चालवाय डायवर लागतो. डायवर म्हंजे मालकाचा माणूस. मला मालकाचा माणूस नको आन् गावबी नको."

एवढं बोलून त्यांनी उरलेला पडदा माझ्या हातात दिला, सायकल पुसायला. मी ती पुसली; कापड खरंच चांगलं होतं.

गाडी घरात आली की ती मागायला माणसं येतात. आमच्या भागात नवरदेवाच्या वरातीला गाडी मागणं हा हक्कच समजतात, आणि नाही म्हणणारा जन्माचा वाईट होतो. बाईंकडेही भाऊबंदांतले दोघे आले. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "न्या की. आनंदानं न्या. पर माझी गाडी मीच चालवती. नवरदेवाला मी आणती मारुतीच्या देवळापासनं मांडवापतोर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कपाळ मोकळं असलेली बाई वरातीत पुढे, तिच्याशेजारी बाशिंग बांधलेला मुलगा, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. चहा अर्धा टाकून ते उठले. त्यानंतर भाऊबंदकीतून गाडीला मागणी आली नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं मी म्हणालो, तर बाई हसल्या नाहीत. मला तेव्हा कळलं की त्यांना ते लागलं होतं. वरातीत जायला त्यांना मनापासून आवडलं असतं.

गेल्याही एकदा. आमच्या गल्लीत हमीदभाई म्हणून भांड्यांचे व्यापारी राहत. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं, मिरजेला. तेही गाडी मागायला आले. बाईंनी तीच अट घातली. हमीदभाई म्हणाले, "मंग चांगलंच झालं की, आपा. तुमी चालवताय म्हंजे पोरगं निकाहला वेळेवर पोचंल. आमच्या डायवर लोकांचा भरवसा न्हाई." त्या दिवशी बाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. फुलांच्या झालरीतून रस्ता दिसेना म्हणून त्यांनी काचेपुढच्या दोन माळा काढून नवरदेवाच्या मांडीवर ठेवल्या आणि त्याला म्हणाल्या, "सांभाळ रं. उतरताना परत लावायच्या हायत." मिरजेहून परतल्यावर पुढे दोन दिवस बाईंचा आवाज घरात चढाच होता. गाणंबिणं त्यांना येत नसे, पण गुणगुणल्यासारखं काहीतरी चालू असे.

मेजरीणबाईंची खरी परीक्षा झाली ती साताऱ्याला.

शालनला स्थळ आलं होतं. आबासाहेबांनीच आणलेलं. मुलाचे वडील कोयनानगरला धरणाच्या कामावर कंत्राटं घेऊन वर आलेले, साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी नवा दुमजली बंगला. मुलगा इंजिनियर. बाईंनी नकार दिला नव्हता. शालनचं शिक्षण पुरं होऊ द्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि बाकी सगळ्याला त्यांची तयारी होती. आबा म्हणाले, "ते बोलून घिऊ." ठरल्या दिवशी आबांची अँबॅसडर भरून निघाली. पुढे आबा, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि ड्रायव्हर, मागे पडद्याआड बायका. त्यांत थोरल्या जाऊबाई, म्हणजे आबांच्या बायको, आक्का. बाई म्हणाल्या, आमी आमच्या गाडीनं येतो. आबांचा चेहरा उतरला, पण रस्त्यात तमाशा नको म्हणून ते गप्प बसले. मुलीचे सर म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं होतं. मुलगी हुशार आहे असं शिकलेल्या माणसानं चारचौघांत सांगावं, एवढंच माझं काम.

पुरुष सोप्यात बसले, बायका माजघरात गेल्या. मधे एक दार, दाराला पडदा. पोह्यांच्या बशा आल्या. मी माझं वाक्य बोललो, ते सगळ्यांनी मान हलवून कानामागे टाकलं. मग कंत्राटदार बोलू लागले. माणूस गोड होता.

"आबासाहेब, हुंडा आमी घेत न्हाई. सुधारलेलं घर हाय आमचं. फकस्त पोराला एक गाडी द्या. आन् ती अँबॅसडर द्या. फियाट नको."

पानपट्टीवरचे आम्ही सगळे जे बोलत होतो ते तो माणूस बोलू लागला. चार पाहुणे बसले पाहिजेत, साहेब लोकांना साइटवर न्यायचं तर वजन पडलं पाहिजे, फियाट म्हणजे डॉक्टर-वकिलांची. मुद्दा न् मुद्दा माझा. तोंडात पोहे होते, ते फिरेनासे झाले.

"आन् एक," कंत्राटदार हसून म्हणाले. "विहीणबाई सवता गाडी चालवत्यात म्हणं. सांगलीत चालतंय. आता पाहुणपण जुळल्यावर ते बरं दिसायचं न्हाई. मुलीचं कालिजबी आता बास. शिकून तिला काय धरण बांधायचंय?"

सगळे हसले. मुलगा खाली बघत होता. आबासाहेब म्हणाले, "त्याची काळजी नको. ती फियाट मोडून टाकू आन् अँबॅसडरला नंबर लावू. कालिजचं मी बघतो."

दाराचा पडदा हलला नाही. माजघरात बांगड्यांचा आवाज येत होता तो थांबला. बाईंनी तो पडदा सारून बाहेर यायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण परक्या घराच्या सोप्यात दिरांच्या बैठकीत सुनेनं पाऊल टाकायचं नाही, ही रीत त्यांनी मोडली नाही. त्या शालनला घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या, परड्यातून फिरून पुढे आल्या, गाडीत बसल्या. आम्हाला ऐकू आला तो हॉर्न.

एकदा नाही, लांबलचक, हात न उचलता. ज्या बाईनं म्हशीलासुद्धा हॉर्न दिला नव्हता, ती अख्ख्या बैठकीला देत होती. समोरच्या घरांतले लोक बाहेर आले. आबा धावत ओट्यावर गेले, त्यांच्या मागे सगळे, सगळ्यांच्या मागे मी.

"यमुना, हे काय चालवलंयस?"

बाईंनी हॉर्नवरचा हात काढला. डोक्यावर पदर होता, आवाज नेहमीचा. "आबा, बोलणी झाली. आमी निगतो. गाडी माझी हाय, ती मोडायची न्हाई. पोरबी माझीच हाय, ती शिकणार."

"परत इचार कर. ह्या दारातनं गेलीस तर माझं दार बंद."

"आवं, तुमच्या दारात कवा गाडी लावाय जागा हुती?" असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली, आणि मग माझ्याकडे बघून, "मास्तर, येताय का ऱ्हाताय?"

मी गेलो. चपला घालायचं भान राहिलं, पोह्यांची बशी ठेवायचं राहिलं. कऱ्हाडच्या अलीकडे एका झाडाखाली बाईंनी गाडी थांबवली, तेव्हाही ती बशी माझ्या मांडीवर होती.

"घाबरली हुती मी," त्या म्हणाल्या. "लय घाबरली हुती. गाडी चालूच झाली न्हाई तर काय, हेच मनात."

 शालन म्हणाली, "आई, मुलगा बरा होता गं."

"व्हय, बरा हुता," बाई म्हणाल्या. "पर बापापुढं त्याच्या तोंडातनं एक शबूद निघाला न्हाई. निघाला असता तर थांबली असती मी."

दोघी थोडा वेळ रडल्या. मी बाहेर उतरून टायरांना लाथा घालत फिरलो, दुसरं काही सुचेना. पोहे मात्र उत्तम होते, ते आम्ही तिघांनी संपवले.

आबांनी शब्द पाळला. भाऊबंदांनी बाईंशी बोलणं सोडलं. त्या हंगामात सगळ्यांचा ऊस तुटला, बाईंच्या शेताला तोडणीची पाळी आली नाही. कारखान्यावर चौकशी केली की उद्या, परवा. उसाला तुरे आले, म्हणजे वजन उतरू लागलं. बाई फियाट घेऊन रोज बांधावर जायच्या आणि तुरे बघून यायच्या. शेवटी त्यांनी गुऱ्हाळ लावलं, ऊस गाळून गूळ केला. त्यात जे नुकसान व्हायचं ते झालं. मी सहानुभूतीचं काही बोलायला गेलो, तर त्यांनी माझ्यापुढे गुळाची ढेप ठेवली. "खावा. बंडखोराचा गूळ हाय, मुंग्याबी इचारून येत्यात." शालन परीक्षेला बसली आणि पास झाली. बाईंनी गल्लीत पेढे न वाटता तो गूळ वाटला, भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून एक ढेप आबांच्या घरीही पाठवली. ती परत आली नाही, एवढं खरं.

पुढे मला साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी दुपारी माझं सामान अंगणात बांधून ठेवलेलं होतं आणि बाई मला स्टेशनवर सोडणार होत्या. गाडी फाटकाबाहेर काढलेली होती. तेवढ्यात रस्त्यानं एक वयस्कर बाई येताना दिसल्या. भर उन्हात, पायी, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला, हातात छोटं गाठोडं. जवळ आल्यावर मी ओळखलं. साताऱ्याला माजघरात गेलेल्या थोरल्या जाऊबाई, आक्का. गावाहून एस.टी.नं आल्या होत्या, बहुधा जन्मात पहिल्यांदा एकट्या.

"यमुना," त्या म्हणाल्या, "माझी आई लय आजारी झालीया. कवठे महांकाळास्नं सांगावा आलाय. डोळं लावून बसलीया म्हणं."

"आन् गाडी?"

"गाडी दारात हाय. हे मुंबैला गेल्यात. डायवर म्हणतो, मालकांनी सांगितल्याबगर चावीला हात लावत न्हाई." आक्कांचा आवाज तोपर्यंत सरळ होता, आता फाटला. "सोडतीस का मला? त्यास्नी मी इचारलं न्हाई."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला रिक्षा मिळेल. तुम्ही निघा." तेवढाच आमचा निरोप झाला. इतक्या वर्षांच्या ओळखीचा निरोप असा असावा, असं मी ठरवलं नव्हतं, पण दुसरा कुठलाही मला चालला नसता. आक्कांची आईशी भेट झाली, म्हातारीनं लेकीला ओळखलं, असं पुढे कानावर आलं. आबांनी बायकोला काय बोल लावले तेही कानावर आलं, ते लिहिण्यासारखं नाही.

त्या दुपारी आक्का सवयीनं मागच्या दाराशी गेल्या. बाईंनी आतून हात लांब करून पुढचं दार उघडलं. "आक्का, फुडं." आक्का क्षणभर घुटमळल्या, मग चपला काढून हातात घेतल्या आणि देवघरात शिरावं तशा आत बसल्या. बाईंनी त्यांना चपला पायात घालायला लावल्या. आत ऊन साठलेलं होतं. आक्कांनी पदरानं वारा घेतला, काचेवर तळवा ठेवला, काच वरून खाली चाचपली, दाराच्या मुठीला हात लावून भीतीनं मागे घेतला. पंधरा-वीस वर्षं दारात मोटार असलेली ती बाई जावेला विचारत होती,

"यमुना, ही काच खाली कशी करत्यात गं?"

बाईंनी सुरू केलेली गाडी बंद केली. वाकून आक्कांचा हात धरला आणि तो काचेच्या दांडीवर ठेवला.

"फिरवा. तुमीच फिरवा."

काच अडत अडत अर्ध्यावर आली, मग पूर्ण खाली गेली. आक्कांनी डोकं थोडं बाहेर काढून रस्ता पाहिला. मग गाडी मिरजेच्या बाजूला वळली.